ताई सुटणार आहे, पण राहणार कुठे?

पत्र असं आहे:

‘माझी थोरली बहीण आठ वर्षं तुरुंगात आहे. माफीचे दिवस धरले तर अजून तीन महिन्यांनी सुटेल, असं मागच्या मुलाखतीला, म्हणजे तुरुंगातल्या भेटीला, कळलं. ती गेली तेव्हा तिची मुलगी पाच वर्षांची होती. तिला मीच वाढवलं, ती मला आईच म्हणते. ताई बाहेरगावी नोकरीला आहे असं आम्ही तिला सांगितलंय. आमच्या दोन खोल्या. त्यात सासूबाई, आम्ही दोघं, माझा मुलगा आणि ही मुलगी. “तिला इथे आणायचं नाही,” असं सासूबाईंनी सांगून टाकलंय. यजमान म्हणतात, आठ-पंधरा दिवस ठीक, पुढचं पुढे बघू. भावजींनी दुसरा संसार थाटलाय. आईवडील दोघंही गेले. वडिलांच्या घरात भाऊ राहतो, तो तर तिचं नावही काढू देत नाही. अशा बायकांसाठी कुठे आश्रम असतो का? आणि सख्ख्या बहिणीला आश्रमात ठेवणारी मी कसली बहीण, या विचारानं झोप लागत नाही. – एक बहीण’

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सासूबाई काय म्हणतात ते त्यात आहे, यजमानांचं म्हणणं आहे, भावाचं आहे. ताई काय म्हणते ते मात्र कुठेच सापडलं नाही. तिला कुठे राहायचंय, हे तिला कुणी विचारलंय का? नसेल विचारलं तर मी तुम्हाला दोष देणार नाही. मुलाखतीची वेळ ती केवढीशी, मधे जाळी नाहीतर काच, शेजारी आणखी चारजणी वरच्या आवाजात बोलतायत. ‘बरी आहेस ना, जेवतेस ना’ याच्या पुढे गाडी जात नाही. पण आठ वर्षं तिनं कधी उठायचं, कधी जेवायचं, कुणाशेजारी निजायचं, हे दुसऱ्यांनी ठरवलंय. आता बाहेर आल्यावर कुठे राहायचं तेही तिच्या पाठीमागे ठरू नये. तोंडावर बोलवत नसेल तर पत्र लिहा. तुरुंगात जाणारं पत्र अधिकारी वाचून मगच पुढे देतात, एवढं ध्यानात ठेवून लिहा.

‘कसली बहीण’ याचं उत्तर आधी देते, म्हणजे तो विषय बाजूला होईल. मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईसोबत तुरुंगात राहू शकतं, सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली त्याबद्दल सविस्तर निर्देश दिलेत. तुमची भाची पाच वर्षांची होती. ती त्या भिंतींआड गेली नाही, शाळेत गेली, कारण तुम्ही तिला दोन खोल्यांच्या घरात घेतलंत. गुन्हा कोणता ते तुम्ही लिहिलं नाहीत. बरं केलंत, मला त्याची गरज नाही. न्यायालयानं त्याचा हिशेब करून ठेवलाय आणि ताई तो चुकता करून बाहेर येतेय.

आता मूळ मुद्दा. तुम्ही एक प्रश्न विचारलाय, पण त्यात दोन गुंतलेत. ताईला खोली कोण देणार हा एक, आणि ताईचं माणूस कोण हा दुसरा. तुमच्या घरात तिला जागा नाही हे खरं असेल, पण त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बदलत नाही. मी या कामात बरीच वर्षं काढली. खोली मिळूनही कोलमडलेल्या बायका पाहिल्या, आणि संस्थेत राहूनही उभ्या राहिलेल्या पाहिल्या. उभ्या राहिलेल्या बहुतेकींचं बाहेर एखादं तरी माणूस होतं. फोन केला की उचलणारं, महिन्यातून दोनदा येऊन बसणारं, आणि कागदावर लिहायला पत्ता देणारं.

हा पत्ता फार महत्त्वाचा. तुम्ही खोली देऊ शकत नसलात तरी पत्ता देऊ शकता, आणि सुरुवातीच्या दिवसांत खोलीइतकंच त्याचं काम पडतं. ताईच्या आधारवर सासरचा पत्ता असणार. नंबर जो जोडलेला होता, तो एव्हाना कंपनीनं दुसऱ्या कुणाला देऊन टाकला असेल. आज बँक, रेशन, सरकारी योजना, सगळीकडे ओटीपी लागतो, आणि तिचा ओटीपी कुणा परक्या माणसाच्या फोनवर वाजेल. म्हणून सुटल्यावर पहिलं काम म्हणजे नवीन सिमकार्ड आणि आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे देऊन नंबर बदलणं. पत्त्यासाठी एक सोय २०२३ पासून झालीय: कुटुंबप्रमुख म्हणून तुम्ही किंवा यजमान आपला पत्ता नातेवाइकाच्या आधारला देऊ शकता, नात्याचा पुरावा नसला तर स्वयंघोषणापत्रावरही चालतं. पत्ता दिला म्हणून ती तुमच्या घरात राहायला आली असं होत नाही आणि तिचा घरावर हक्कही लागत नाही. यजमानांना हे नीट समजावून सांगा. पुष्कळ घरांत नकार येतो तो या भीतीपोटी.

बँकेचं जुनं खातं असेल तर ते बंद पडलेलं असेल, कारण दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं. पैसे मात्र जात नाहीत. केवायसी करून खातं पुन्हा सुरू करून देणं बँकेचं काम आहे, त्यासाठी शुल्क लागत नाही. रेशनकार्डावरून सासरच्यांनी नाव कमी केलं असेल, तर तो दाखला आणून तुमच्या किंवा तिच्या स्वतंत्र कार्डावर नाव चढवता येईल. मतदार यादीचंही बघा. तुरुंगात असताना मत देता येत नाही, सुटल्यावर येतं. तुम्हाला ही गोष्ट बारीक वाटेल. पण मतदान ओळखपत्र हातात आल्यावर रडलेली बाई मी पाहिलीय.

तुरुंगातून निघताना काय काय मागून घ्यायचं, हे तिला आत्ताच कळवा, कारण त्या दिवशी कुणालाच काही सुचत नाही. सुटकेचा दाखला तर हवाच. दवाखान्यातले कागद हवेत, रक्तदाबाची, थायरॉइडची, झोपेची, जी काही औषधं चालू असतील ती लिहिलेली चिठ्ठी हवी, आणि निदान थोड्या दिवसांच्या गोळ्या बरोबर हव्यात. बाहेर आल्यावर औषधं मध्येच तुटतात आणि आठवड्यात तब्येत ढासळते, हे वरचेवर घडतं. शिवण किंवा आणखी काही शिकली असेल, मुक्त विद्यापीठाची परीक्षा दिली असेल, तर त्याची प्रमाणपत्रं. केलेल्या कामाची मजुरी खात्यावर साठलेली असते, तिचा हिशेब. आत जाताना अंगावरचं जे जे जमा करून घेतलं होतं, ते.

आणि एक गोष्ट आजच विचारा: शिक्षेबरोबर दंड होता का, आणि तो भरलाय का? निकालपत्रात ‘दंड न भरल्यास आणखी इतके महिने’ असं लिहिलेलं असतं, घरचे विसरून जातात, आणि सुटकेच्या आदल्या आठवड्यात कळतं की अजून सहा महिने आहेत. पैशाअभावी अडकलेल्यांसाठी केंद्र सरकारची २०२३ पासूनची योजना आहे. तीत शिक्षा झालेल्या गरीब बंद्याचा २५,००० रुपयांपर्यंतचा दंड सरकार भरू शकतं. काही गुन्हे त्यातून वगळलेत. जिल्हाधिकारी कार्यालयाशी जोडलेली समिती ते ठरवते, अर्ज तुरुंगातूनच पुढे जातो. म्हणजे आत्ता विचारलं तर वेळ आहे, अडीच महिन्यांनी नसेल.

आता तुमच्या ‘आश्रमा’कडे येते. तो शब्द तेवढा सोडा. आश्रम म्हटलं की दया आली, आणि ताईला दयेवर राहायला लावल्याचं ओझं तुमच्या डोक्यावर आलं. जे उपलब्ध आहे ती सरकारी निवासाची सोय आहे, आणि तिच्यासारख्या बाईचा तीवर हक्क आहे. या सोयीला आधी ‘स्वाधार गृह’ म्हणत. त्या योजनेच्या नियमांत लाभार्थी कोण हे सांगताना, तुरुंगातून सुटलेल्या आणि कुटुंबाचा, पैशाचा आधार नसलेल्या स्त्रिया असा उल्लेख होता. २०२२ मध्ये केंद्र सरकारचं मिशन शक्ती आलं, स्वाधार आणि उज्ज्वला (गॅसची नव्हे, देहव्यापाराच्या तस्करीतून सोडवलेल्या स्त्रियांसाठीची) या दोन्ही योजना एकत्र झाल्या आणि नाव पडलं ‘शक्ती सदन’. काही जिल्ह्यांत याशिवाय शासनाची महिला राज्यगृहं आहेत. हे मुद्दाम लिहितेय, कारण एखाद्या ठिकाणी दारातच ‘आम्ही जेलमधल्या बायका घेत नाही’ असं ऐकायला मिळेल. ते ऐकून परत फिरू नका. नकार लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी म्हटलं की आवाज खाली येतो.

जायचं कुणाकडे? तुमच्या जिल्ह्याच्या महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे, आणि त्याच खात्यातल्या जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्याकडे. ‘परिविक्षा’ या शब्दाला घाबरू नका, सुटून आलेल्यांची पुढची सोय लावणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. सुटलेल्या बंद्यांना छोट्या व्यवसायासाठी काही मदत सध्या चालू आहे का, तेही त्यांनाच विचारा. ताईनं तुरुंग अधीक्षकांकडे अर्ज करावा की सुटल्यावर मला निवासाची गरज आहे, आणि तुम्ही बाहेरून परिविक्षा अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा. दोन्ही अर्जांवर पोच घ्या. सुटायच्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता बॅग घेऊन संस्थेच्या दारात उभं राहणं आणि महिनाभर आधी नाव लावून ठेवणं, यात फार फरक पडतो. मुंबईच्या बाजूला असाल तर टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगातल्या आणि सुटलेल्या स्त्रियांबरोबर काम करतोय. तिथले समाजकार्यकर्ते तुरुंगात जातात, ताईनं आतूनच त्यांना भेटायला मागावं. महिलांसाठीच्या १८१ या नंबरवर जिल्ह्यातल्या निवासाची चौकशी करता येते. सखी वन स्टॉप सेंटरचं नावही कुणी सुचवेल. ते मुळात हिंसाचार सोसलेल्या स्त्रियांसाठी आहे आणि तिथला मुक्काम पाचेक दिवसांचाच असतो. अडल्या रात्री उपयोगी, त्यावर पुढचा बेत आखता येणार नाही.

संस्थेतला मुक्काम कायमचा नसतो, मुदत असते, आणि ती ताईला पहिल्याच दिवशी माहीत हवी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आधी तुम्ही एकदा स्वतः जाऊन या. भिंती, गाद्या, स्वयंपाकघर बघाच, पण मी बघते ते दुसरंच. फाटकाला कुलूप कोणत्या बाजूनं असतं? कामाला जाणाऱ्या बाईला सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं का? फोन स्वतःजवळ ठेवू देतात का? मुलगी भेटायला आली तर कुठे बसायचं, रात्री राहिली तर चालेल का? काही ठिकाणी शिस्तीच्या नावाखाली हजेरी, फोन जमा, बाहेर जायला चिठ्ठी, असा सगळा थाट असतो. आठ वर्षं हजेरी दिलेल्या बाईला तिथे पहिल्याच आठवड्यात गुदमरायला होतं. ती तिथून निघून आली तर ‘बघा, एवढं करून दिलं तरी टिकली नाही’ असं म्हणायला सगळे मोकळे. ती तिथे स्वतःच्या मर्जीनं राहतेय, तिला कुणी डांबून ठेवू शकत नाही, हे तिला आणि संस्थेला दोघांनाही ठाऊक असू द्या.

देशातल्या तुरुंगांत शंभर बंद्यांमागे बायका साधारण चार. सगळी घडी उरलेल्या शहाण्णवांच्या हिशेबानं बसवलेली, बायकांच्या वाट्याला कोपरा. सुटल्यानंतरच्या सोयींचंही तेच. त्यामुळे तुम्हाला खेटे घालावे लागतील, एकेका ठिकाणी दोनदा-तीनदा जावं लागेल. तुमचं काही चुकतंय म्हणून हे होत नाही.

भाड्याच्या खोलीचा विचार ताईला थोडं कमावता येऊ लागलं की करा, आधी नको. त्या वेळी घरमालकाला काय सांगायचं, हा प्रश्न येणारच. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते, त्यामुळे खोटं रचू नका, ते उघडं पडतं आणि सामान रस्त्यावर येतं. पण विचारलेलं नसताना सगळी कहाणीही सांगत बसू नये. करार तुमच्या किंवा यजमानांच्या नावे करून राहणारी म्हणून तिचं नाव घालता आलं तर उत्तम. करार नोंदवूनच करा. आपल्या राज्यात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं तो नोंदवणं सक्तीचं आहे, आणि तोच कागद पुढे तिच्या स्वतःच्या पत्त्याचा पुरावा होतो. नोकरी लागली की ‘सखी निवास’, म्हणजे नोकरदार महिलांचं वसतिगृह, हाही एक मार्ग आहे.

आता भाऊ आणि भावजी. दोघांनीही ताईला मेल्यात जमा धरलंय, आणि तुम्हीही ते नकळत मान्य केलेलं दिसतं.

भावजींनी ‘दुसरा संसार थाटला’ असं तुम्ही लिहिलंत. घटस्फोट झालाय का? हुकूमनामा कुणी पाहिलाय? हिंदू विवाह कायद्यात जोडीदार तुरुंगात आहे एवढ्यावरून घटस्फोट मिळत नाही. विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे रजिस्टर पद्धतीनं लग्न झालेलं असेल आणि सात वर्षांहून कमी शिक्षा नसेल, तर मात्र ते एक कारण होऊ शकतं. न्यायालयातून तुरुंगात काही नोटीस आली होती का, एवढं ताईला विचारलंत तरी पुष्कळ उलगडा होईल. घटस्फोट झालेला नसेल तर ती आजही त्यांची पत्नी आहे, पोटगी मागू शकते, स्त्रीधन परत मागू शकते. त्या घरात तिचा छळ झाला असेल तर २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली न्यायालय तिला त्या घरात राहू द्यायचा, किंवा दुसरी जागा अथवा तिचं भाडं द्यायचा आदेश नवऱ्याला देऊ शकतं. ती त्या घरात परत जाऊन राहील असं मला वाटत नाही, मी तिला तसं सुचवणारही नाही. पण भाडं कुणी द्यायचं, या प्रश्नाला तुमच्या यजमानांशिवायही एक उत्तर आहे, एवढं लक्षात असू द्या.

भावाचं तर आणखी सरळ आहे. वडिलांचं घर, वडील मृत्युपत्र न करता गेले असतील, तर तुम्हा तिघांचं सारखं. शिक्षा झाली म्हणून मुलीचा वाटा कापला जात नाही. ज्याच्या मालमत्तेचा वारसा मिळायचा त्याचाच खून केला असेल तर तो वारसा मिळत नाही, हा अपवाद. तो इथे लागू होत नसावा. वारस नोंदीत तुम्हा दोघी बहिणींची नावं आहेत का, ते उतारा काढून बघा. तुमच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतलंय का? ताईची सही कुणी तुरुंगात जाऊन कशावर घेतलीय का? मी लगेच दावा ठोका असं म्हणत नाही. भाऊ तोडायचा की नाही हा तुमचा प्रश्न आहे. पण ‘तिचं नाव काढू नका’ म्हणणारा भाऊ तिच्या वाट्याच्या खोलीत राहतोय, हे त्यालाही एकदा शांतपणे ऐकू द्यावं. उतारा दाखवल्यावर पुष्कळ भावांना बहीण आठवते.

या सगळ्याला वकील लागेल, आणि पैसे नाहीत म्हणून अडू नका. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यात स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तुरुंगात असलेल्या माणसालाही मिळतो. म्हणजे ताईचा हक्क आज दोन्ही बाजूंनी आहे. जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, फोन १५१००. तुरुंगातही त्यांचे वकील आणि विधी स्वयंसेवक येतात, तिनं त्यांच्याकडे नाव नोंदवावं. हातात काहीच उत्पन्न नसेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज होतो का तेही बघा, निराधार, परित्यक्ता, घटस्फोटित स्त्रियांसाठी दरमहा १,५०० रुपयांची आहे. तेवढ्यात कुणाचं घर चालत नाही, पण रोजच्या तेलसाबणासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

भाचीबद्दल मला जरा कडक बोलावं लागेल. तेरा वर्षांच्या मुलीला ‘आई बाहेरगावी नोकरीला’ यावर अजून विश्वास असेल असं तुम्हाला खरंच वाटतं? सुट्टी न घेता, एक फोन न करता आठ वर्षं चालणारी नोकरी कोणती? तिला बहुधा ठाऊक आहे. शेजारपाजारच्यांनी, नाहीतर एखाद्या भांडणात कुणी सांगितलंच असेल. ती तुम्हाला सांभाळून घेतेय. ताई दारात येण्याआधी, निदान महिनाभर आधी, तिच्याशी तुम्ही बोला. सासूबाईंना मधे घेऊ नका. आई तुरुंगात होती, तिला शिक्षा झाली होती, ती पूर्ण करून ती येतेय. काय घडलं याचा तपशील तिनं विचारला तर तिच्या वयाला पेलेल एवढाच सांगा, बाकीचा आईनं सांगायचा म्हणून ठेवा. शक्य असेल तर सुटकेआधी एकदा दोघींची भेट घडवा. आपल्या राज्यातल्या तुरुंगांत बंद्यांची मुलं येऊन भेटतात त्याला ‘गळाभेट’ म्हणतात. तसा कार्यक्रम व्हायचा आहे का, अधीक्षक कार्यालयात विचारा.

आणि ‘आई’ कुणाला म्हणायचं, हे मुलीवर सोडा. ताईला ते लागेल, तुम्हालाही कधीतरी लागेल. सुटल्यावर ताई म्हणाली की मुलगी माझी, मी घेऊन जाते, तर घाबरून भांडू नका. तुरुंगात गेल्यानं तिचं आईपण रद्द झालेलं नाही. पण मुलीची शाळा, तिचा बिछाना, तिची तुमच्याशी असलेली सवय एका दिवसात उपटून चालणार नाही. आधी शनिवार-रविवार, मग सुट्टी, मग बघता येईल. मुलगी तुमच्याकडे राहते याचा उपयोग ताईला होईल, तिला मुलीसाठी घाईघाईनं मिळेल ती खोली, मिळेल तो माणूस पत्करावा लागणार नाही. जाता जाता, पालक तुरुंगात असलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, दरमहा २,२५० रुपये. आठ वर्षांत तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल तर मला नवल वाटणार नाही, चीड मात्र येईल. महिला व बालविकास कार्यालयात जाल तेव्हा हेही विचारा.

राहता राहिले यजमानांचे ‘आठ-पंधरा दिवस’. तुम्हाला ते तुटपुंजे वाटतात. मला ती चांगली सोय वाटते, एका अटीवर: ‘बघू’ हा शब्द काढून टाका. पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस, सोळाव्या दिवशी अमुक संस्थेत नाव लागलेलं आहे, हे ताईला आणि सासूबाईंना आधीच सांगा. सासूबाईंचा विरोध त्यानं अर्धा होईल, कारण त्यांना भीती आहे ती ‘आली ती आलीच’ याची. ताईलाही रोज सकाळी घरातल्यांचे चेहरे वाचत बसावं लागणार नाही. ती थेट संस्थेत जाते म्हणाली तर तेही मनाला लावून घेऊ नका. बहिणीच्या सासूच्या हाताखाली पंधरा दिवस काढण्यापेक्षा परक्या छपराखाली बरं, असं तिला वाटू शकतं.

त्या पंधरा दिवसांत तिच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका. बराकीत रात्रभर दिवा असतो, तिला अंधारात झोप लागणार नाही. दाराशी येऊन ती थांबेल, कुणीतरी उघडण्याची वाट बघत. तुम्ही पुढे होऊन उघडू नका, थोडा वेळ द्या. रस्ता ओलांडायला घाबरेल, फोनवर पैसे देणारे लोक बघून गोंधळेल. घरातलं सगळं काम अंगावर घेईल, आणि तुम्हाला तो तिचा चांगुलपणा वाटेल. हातातलं काम काढून घ्या आणि बसवा तिला. जेवणावरची वासना उडाली, दिवसेंदिवस बोलेनाशी झाली, किंवा ‘आतच बरी होते’ असं वारंवार म्हणू लागली तर ते हसण्यावारी नेऊ नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा झाल्याची भाषा आली तर तिला एकटीला सोडू नका आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्या. शेजारी विचारतील तेव्हा काय सांगायचं, ते मात्र तिच्याशी ठरवा. तिनं ‘खरं सांग’ म्हटलं तर खरं सांगा, ‘बहीण आलीय एवढंच सांग’ म्हटलं तर तेवढंच.

सुटकेच्या दिवशी कुणीतरी फाटकाशी हवं. तुम्हीच जा, मुलीला त्या दिवशी नेऊ नका. सुटका नक्की किती वाजता होते ते आदल्या दिवशी फोन करून विचारा, कागदांच्या घोळात कधीकधी संध्याकाळ होते, आणि घ्यायला आलेलं माणूस कंटाळून गेलेलं असतं. पाणी बरोबर ठेवा, घरी जायचं वाहन सांगून ठेवा.

पुढच्या मुलाखतीला जाल तेव्हा तीनच गोष्टी विचारून या, बाकीचं पत्रात लिहा. दंड भरलाय का. सुटल्यावर तुला कुठे राहायचंय. आणि तिसरी, चपलेचा नंबर. आठ वर्षांपूर्वी जमा केलेले कपडे, चपला आता तिला होणार नाहीत, नवीन घेऊन जा.